‘कृष्णशिष्टाई यशस्वी’ असं का लिहू नये: लेखनातले सूचक संदर्भ ओळखायचे आणि वापरायचे कसे

दोन पक्षांत किंवा दोन संघटनांत समेट झाला की वर्तमानपत्रात हमखास मथळा येतो: ‘अमुक यांची कृष्णशिष्टाई यशस्वी’. वाचायला भारदस्त वाटतं. पण उद्योगपर्व आठवा. पांडवांच्या वतीने कृष्ण हस्तिनापुरात गेला. पाच गावांवर भागवायचीही तयारी होती. दुर्योधनाने ती धुडकावली, वर कृष्णालाच बांधून ठेवायचा घाट घातला. शिष्टाई फसली म्हणून कुरुक्षेत्र झालं. म्हणजे मथळा देणाऱ्याने कौतुकासाठी जी गोष्ट उचलली, ती नेमकी फसलेल्या मध्यस्थीची निघाली.

या लेखात मी जे सांगणार आहे ते सगळं याच धाग्यावर आहे. संदर्भ आणला की अख्खी गोष्ट आत येते. हवा तेवढा तुकडा कापून आणता येत नाही. वाचकाला उरलेली गोष्ट माहीत असते आणि ती तो आपोआप जोडून घेतो. म्हणूनच एखादा संदर्भ दोन शब्दांत दोन पानांचं काम करतो आणि एखादा लिहिणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. तो कसा पकडायचा आणि कसा वापरायचा, ते पायरीपायरीने बघू.

आधी ओळख पटवून घेऊ

सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट, ओळ, व्यक्ती किंवा घटना घ्यायची, तिच्याकडे नुसतं बोट दाखवायचं आणि ती सांगत बसायची नाही. बाकीचं वाचकाने आपल्या आठवणीतून भरायचं. समीक्षेत याला संदर्भसूचन, पूर्वसंदर्भ अशी नावं आहेत. मी इथे ‘सूचक संदर्भ’ किंवा नुसतं ‘संदर्भ’ म्हणेन. शाळेत आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्ती शिकलो. सूचक संदर्भाचा सगळा कारभार तिसरीवर, म्हणजे न बोललेला अर्थ सुचवणाऱ्या व्यंजनेवर चालतो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, त्यातला मुख्य विचार हाच आहे की काव्यातला सर्वांत मोलाचा अर्थ थेट उच्चारला जात नाही, तो ध्वनित होतो.

अवतरण आणि संदर्भ यांत पुष्कळ जण गोंधळतात. “तुकाराम महाराज म्हणतात, ‘बोलाचीच कढी बोलाचाच भात’” हे अवतरण झालं. “यंदाच्या अंदाजपत्रकातही गावाला कढी-भाताचा बेत आहे” हा संदर्भ. दुसऱ्या वाक्यात तुकोबांचं नाव नाही, अभंगाची ओळ धड नाही. तरी ज्याला अभंग ठाऊक आहे त्याच्या कानात पुढची ओळ वाजतेच: ‘जेवूनियां तृप्त कोण जाला’. टीकेचा खरा घाव त्या न लिहिलेल्या ओळीत आहे.

उपमेला गोष्टीची गरज नसते. ‘सिंहासारखा शूर’ म्हटलं की सिंह माहीत असला तरी पुरे. ‘गड आला पण सिंह गेला’ कळायला मात्र १६७० सालचा कोंढाणा, तानाजी आणि मुलाचं लग्न मागे ठेवून निघालेला बाप लागतो. आणि चोरी? उचललेलं कुणाला कळू नये, ही चोराची इच्छा असते. संदर्भ देणाऱ्याला ते कळावं असंच वाटत असतं. या कसोटीवर जवळजवळ सगळी प्रकरणं सुटतात.

संदर्भ येतात कुठून

मराठीत सर्वांत मोठा साठा रामायण-महाभारताचा, त्याच्या खालोखाल संतवाणीचा. मग इतिहास. ‘त्यांच्यावर विश्वास? तो पानिपतात गेला’ हे अजूनही घराघरांत बोललं जातं. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव पडला, हे माहीत नसलेल्याला त्यातली मेख कळत नाही. मग शाळेतल्या कविता, नाटकांतली स्वगतं, आणि गेल्या काही दशकांत सिनेमा. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तलं ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य आज पंचविशीतली मुलंही दार वाजवताना म्हणतात. सिनेमातलं वाक्य म्हणून त्याला कमी लेखू नका. ऐकणाऱ्याने ओळखलं आणि दोघांत एक जवळीक तयार झाली, तर संदर्भाने आपलं काम केलं.

एक प्रकार मात्र सहज नजरेतून सुटतो: रूपाचा संदर्भ. इथे नाव नसतं, ओळ नसते. फक्त घाट ओळखीचा असतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठीत आणली ती ओवीत, आणि तिला पुराणाचं रूप दिलं. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. ओवी कानावर पडताच गोव्यातल्या श्रोत्याच्या मनात पुराण ऐकायला बसल्याचा भाव जागा होणार, हे स्टीफन्सना पक्कं ठाऊक होतं. आरतीच्या चालीवर लिहिलेली टीका, बखरीच्या भाषेत लिहिलेलं राजकीय सदर, सूचनापत्राच्या भाषेतली कविता, ही सगळी त्याच वाटेवरची.

वाचताना संदर्भ कसा उलगडायचा

बा. सी. मर्ढेकरांच्या दोन ओळी घेऊ:

सर्वे जन्तु रुटिनाः ।
सर्वे जन्तु निराशयाः ।

*पहिली पायरी: वाक्य कुठे वेगळं वाजतं ते बघा.* संदर्भाच्या जागी भाषेचा पोत बदलतो. मध्येच संस्कृत येतं, जुनं क्रियारूप येतं, कुणाचं तरी नाव ओळख न देता येतं, किंवा गद्याला अचानक लय चढते. इथे ‘रुटीन’ या इंग्रजी शब्दाला विसर्ग लावून संस्कृतात बसवलंय. हे आपोआप झालेलं नाही, हे पहिल्याच वाचनात जाणवतं.

*दुसरी पायरी: मूळ शोधा.* ओळ मोठ्याने म्हणा. डोळ्यांना सुटतं ते कानाला सापडतं. ‘सर्वेऽपि सुखिनः सन्तु, सर्वे सन्तु निरामयाः’ ही प्रार्थना लगेच मागे उभी राहते.

*तिसरी पायरी: मूळ जागी ती ओळ काय काम करते ते आठवा.* पूजा किंवा कार्य संपल्यावर, आपल्यासाठी मागून झाल्यावर, सगळ्यांसाठी मागायचं ते हे मागणं. सगळे सुखी असोत, सगळे निरोगी असोत. तिच्यात मन मोठं करण्याचा भाव आहे.

*चौथी पायरी: काय बदललं?* ‘सुखिनः’च्या जागी ‘रुटिनाः’. ‘निरामयाः’मधलं एकच अक्षर बदलून ‘निराशयाः’: आशय नसलेले, आणि कानाला त्यात निराशाही ऐकू येते. ‘जन्तु’ म्हणजे संस्कृतात प्राणिमात्र, पण मराठी वाचकाला आधी दिसतात ते वळवळणारे जंतू. शिवाय मागणारं ‘सन्तु’ हे क्रियापदच गळून गेलंय. कुणी काही मागत नाही. आहे ते नोंदवलं जातंय.

*पाचवी पायरी: काय बदललं नाही?* हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि उलगडा बऱ्याचदा तिथेच असतो. ‘सर्वे’ तसाच राहिलाय. प्रार्थनेने सगळ्यांना कवेत घेतलं होतं. नव्या ओळीनेही कुणाला वगळलेलं नाही. माझ्या मते या ओळींत सर्वांत बोचणारा शब्द हा न बदललेला ‘सर्वे’ आहे.

*सहावी पायरी: संदर्भ काढून वाक्य पुन्हा लिहून पाहा.* ‘सगळ्या माणसांचं जगणं साचेबंद आणि रिकामं झालंय.’ विधान खरं असेल, पण त्यातली हानी गेली. काय गमावलं हे मूळ प्रार्थनेमुळेच कळत होतं.

या सहा पायऱ्या कुठल्याही ओळीला लावता येतात. दरवेळी सगळ्या लागतील असं नाही. पाचवी मात्र चुकवू नका.

नाव न घेता सगळं सांगणं: ‘कीचकवध’

संदर्भाची ताकद आजमावायची तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकापाशी थांबावंच लागतं. खाडिलकर टिळकांचे सहकारी, ‘केसरी’त काम करणारे. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनची कारकीर्द १९०५ मध्ये संपली होती, बंगालची फाळणी झाली होती, आणि काँग्रेसमध्ये मवाळ-जहाल वाद पेटला होता. १९०७ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आलं.

कथा विराटपर्वातली. पांडव अज्ञातवासात आहेत. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या सेवेला आहे. राणीचा भाऊ आणि विराटाचा सेनापती कीचक तिची अभिलाषा धरतो. कंक झालेला युधिष्ठिर धीर धरायला सांगतो. बल्लव झालेला भीम रात्री नृत्यशाळेत कीचकाला ठार करतो.

नाटकात कर्झन नाही, इंग्रज नाहीत, हिंदुस्थान हा शब्दही लागत नाही. पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की मदांध कीचक म्हणजे कर्झन, अपमानित द्रौपदी म्हणजे देश, सबुरी सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या हिंदुस्थानातील असंतोषावरच्या पुस्तकातही या नाटकाचा नेमका हाच अर्थ दिला आहे.

आता यातली कारागिरी बघा. पहिलं असं की शेवट लिहायची गरजच उरली नाही. पडदा वर जाण्याआधीच प्रेक्षकाला माहीत होतं की भीम कीचकाला सोडणार नाही. ‘सत्ता उलथून टाका’ असं एकही पात्र म्हणत नाही, कारण गोष्टच ते म्हणते. इथे अख्खी गोष्ट आत येणं हे लेखकाने हेरून वापरलंय.

दुसरं, आक्षेप घेणाऱ्याची पंचाईत. महाभारतातल्या एका वधाच्या नाटकावर बंदी घालायची तर सरकारला आधी कबूल करावं लागतं की आमचा व्हाइसरॉय कीचकासारखा दिसतो. ही ढाल काही काळ टिकली. १९१० मध्ये सरकारने बंदी घातलीच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खाडिलकरांनी युधिष्ठिराची निवड करून मवाळांवर टीका केली, पण त्यांना खलनायक केलं नाही. युधिष्ठिर चुकतो, तरी तो धर्मराजच राहतो, भीमाचा मोठा भाऊच राहतो. दुसरी कथा घेतली असती तर मवाळांना फितूर ठरवावं लागलं असतं. कथा निवडताना प्रत्येक नातं जुळतंय की नाही हे इतकं बारकाईने बघावं लागतं.

लिहिताना: एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

समजा, वॉर्डातल्या पाण्याबद्दल स्थानिक अंकात लिहायचंय आणि पहिला खर्डा असा उतरलाय:

“नगरपालिकेने कुंभकर्णी झोप सोडून भगीरथ प्रयत्न करावेत, अन्यथा नागरिकांच्या संयमाची लक्ष्मणरेषा ओलांडली जाईल आणि शहरात महाभारत घडेल.”

एका वाक्यात चार संदर्भ, आणि चारही झिजलेले. वाचकाला कुंभकर्ण दिसत नाही की गंगा दिसत नाही. रामबाण, यादवी, त्रिशंकू, भगीरथ प्रयत्न हे शब्द आता कोशातले साधे शब्द झालेत. मागची गोष्ट जागी होत नाही. ते वापरू नयेत असं नाही. ‘त्रिशंकू विधानसभा’ हा नेमका आणि सोयीचा शब्द आहे. फक्त त्यातून काही सुचवलं जातंय अशा समजुतीत राहू नका.

पहिलं काम, म्हणणं साधं लिहा. “वॉर्डात टँकर येतो. जलवाहिनीचं काम मंजूर आहे, सुरू नाही. हीच तक्रार माझ्या आजोबांनीही केली होती.” आता विचारा की यात संदर्भाची गरज आहे का? पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असतं आणि लेख तिथेच सुधारतो.

गरज वाटलीच तर चारांतला एक ठेवा. पाण्याचा विषय, म्हणून भगीरथ. मग पात्राचं नाव बाजूला ठेवून गोष्टीतलं वळण शोधा. भगीरथाची कथा एका माणसाच्या कष्टांची म्हणून आपण वापरतो, पण मुळात ती पिढ्यांची आहे. सगराच्या मुलांची राख झाली; नातू अंशुमान, त्याचा मुलगा दिलीप, त्याचा मुलगा भगीरथ. अंशुमान आणि दिलीप दोघांच्या हयातीत गंगा आली नाही. आजोबांची तक्रार आणि हे वळण, दोन्ही एकमेकांना येऊन भिडतात. आता लिहा:

“भगीरथाच्या आधी अंशुमान होऊन गेला, दिलीप होऊन गेला. गंगा काही त्यांच्या हयातीत आली नाही. आमच्या वॉर्डात आजोबांनी अर्ज केला, वडिलांनी केला. परवा मी केला.”

झिजलेला संदर्भ जिवंत करायची ही हमखास रीत आहे: त्याच गोष्टीतला, कुणी सहसा न उचललेला तपशील घ्यायचा. त्रिशंकूचंच बघा. तो अधांतरी लटकला एवढंच आपण वापरतो. पण त्याच्यासाठी विश्वामित्राने आकाशात वेगळी नक्षत्रं निर्माण केली होती. ‘त्रिशंकूला निदान वेगळं आकाश मिळालं, या कंत्राटी कर्मचाऱ्यांना तेही नाही’ असं लिहिलं की मेलेला शब्द उठून बसतो.

नको असलेला भाग तपासा

लिहून झालं की ज्याची-त्याची गोष्ट शेवटपर्यंत मनात सांगून बघा. हे टाळल्यामुळे सर्वांत जास्त फजिती होते.

निरोपसमारंभात एखाद्या सचिवांबद्दल ‘भीष्मासारखी संस्था सांभाळली’ असं म्हटलं जातं. वक्त्याच्या मनात त्याग आणि ज्येष्ठत्व असतं. ऐकणाऱ्याला मात्र द्यूतसभेत गप्प बसलेला भीष्मही आठवतो, आणि अन्याय कळत असून कौरवांच्या बाजूने लढलेलाही. त्या संस्थेत काही वादग्रस्त घडलेलं असेल तर हे कौतुक जिव्हारी लागेल. एकट्याने लढणाऱ्या अधिकाऱ्याला ‘अभिमन्यू’ म्हणताना आपण त्याचं मरण सांगतोय. दिलदार मित्राला ‘कर्ण’ म्हटलं की तो चुकीच्या गोटात आहे हेही आलंच. लग्नात ‘राम-सीतेसारखा संसार करा’ असा आशीर्वाद देतात, त्यात पूर्वार्ध गृहीत असतो. उत्तररामचरित ठाऊक असलेली माणसं मांडवात असतातच.

‘ध चा मा’ची तर रोज हेळसांड होते. टंकलेखनात अक्षर चुकलं की ‘ध चा मा झाला’ म्हणतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं असं लोककथा सांगते. ती ऐतिहासिक सत्य आहे का, यावर इतिहासकारांनी शंका घेतली आहे. पण कथा म्हणून तिचा गाभा स्पष्ट आहे: एका अक्षरात जाणूनबुजून केलेला, जिवावर उठणारा बदल. नजरचुकीला तो शब्द लावला तर ज्याने चूक केली त्याच्यावर हेतूचा आरोप होतो.

कोण कुणाबद्दल बोलतंय यानेही अर्थ फिरतो. ‘माझे हे सुदाम्याचे पोहे गोड मानून घ्या’ हे स्वतःच्या भेटीबद्दल म्हणायचं. त्यात आपण लहान आणि समोरचा कृष्ण. दुसऱ्याने आणलेल्या भेटीला ‘सुदाम्याचे पोहे’ म्हटलं की तो दरिद्री आणि आपण द्वारकाधीश. शब्द तेच, एकदा नम्रता आणि एकदा अपमान.

गोष्ट सगळ्यांची एकच नसते

शाळेतल्या भाषणांत एकलव्य गुरुभक्तीचा आदर्श म्हणून येतो. दलित आणि आदिवासी लेखनाने तीच गोष्ट कापलेल्या अंगठ्याच्या बाजूने वाचली. शिकण्याचा हक्क नाकारला, तरी तो शिकला, तर शिकलेलंच काढून घेतलं. तप केलं म्हणून रामाने मारलेल्या शूद्र शंबूकाचंही तसंच. मराठी साहित्यात गेल्या साठ वर्षांत संदर्भांच्या वापरात झालेला सर्वांत मोठा बदल माझ्या मते हा आहे. तेव्हा ‘विद्यार्थ्यांनी एकलव्याचा आदर्श ठेवावा’ असं लिहिताना समोरच्या वर्गात ही गोष्ट दुसऱ्या टोकाकडून ऐकलेली मुलं बसली आहेत, याचं भान ठेवायलाच हवं. कित्येकांना तो आदर्श म्हणजे ‘तुम्हीही अंगठा काढून द्या’ असं ऐकू येतं. शिकण्याची जिद्द सांगायची असेल तर तेवढीच नेमकी सांगा: भिंत मध्ये असताना तो शिकला.

वाचकाला कळलं नाही तर?

ओळख पटवून द्यायचा मोह होतो. “महाभारतात धृतराष्ट्र नावाचा राजा होता, त्याप्रमाणे…” असं सुरू केलं की संदर्भ तिथेच संपला. स्पष्टीकरण देण्यापेक्षा वाक्याची बांधणी अशी करा की ज्याला गोष्ट माहीत नाही त्यालाही वरवरचा अर्थ पुरेसा लागेल. वरचं अंशुमान-दिलीपचं वाक्य बघा. रामायण न वाचलेल्यालाही ‘आधी दोघे होऊन गेले, पाणी आलं नाही’ एवढं कळतंच. ज्याला माहीत आहे त्याला सगराच्या मुलांची राखही दिसते.

मजकूर छापण्याआधी घरातल्या किंवा कचेरीतल्या दोन वयांच्या माणसांना वाचायला द्या. दोघेही अडखळले तर संदर्भ काढा. एक ओळखतो आणि दुसऱ्याचं वाचन न अडखळता पुढे जातं, तर तो बरोबर बसलाय. शासकीय पत्र, औषधाची माहिती, करार अशा मजकुरात मात्र संदर्भ आणूच नका. तिथे प्रत्येकाला एकच अर्थ लागायला हवा.

शब्द आणि नाव पडताळा

लोकांच्या तोंडी रुळलेली ओळ आणि ग्रंथातली ओळ यांत फरक असतो. ‘नरो वा कुंजरो वा’ सर्वतोमुखी आहे. द्रोणपर्वात मात्र अश्वत्थामा मेला असं द्रोणांना सांगताना युधिष्ठिर ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्टपणे उच्चारतो, अशा आशयाची ओळ आहे. लक्ष्मणरेषा वाल्मीकिरामायणात नाही. ती पुढच्या परंपरेतली. असे संदर्भ वापरायला काहीच हरकत नाही, कारण संदर्भ वाचकाच्या आठवणीवर चालतो. पण ‘व्यास म्हणतात’ किंवा ‘वाल्मीकी सांगतात’ असं लिहिणार असाल तर मूळ उघडलंच पाहिजे.

ओळीच्या मागचं-पुढचंही वाचा. ‘टवाळां आवडे विनोद’ एवढंच उचलून समर्थांना विनोदाचं वावडं होतं असं सर्रास लिहितात. ‘दासबोधा’त ती ओळ कोणत्या स्वभावाच्या माणसाला काय गोड लागतं याच्या यादीत येते, लगेच पुढे ‘उन्मत्तांस नाना छंद’ आहे. पडताळणीसाठी पुराणातल्या व्यक्तींना सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश आणि वाक्प्रचारांच्या मागच्या कथांना दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ हाताशी असावा. मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांखालची नावं कधीही तशीच उचलू नका.

सरावाला तीन वाक्यं

१. “व्यासपीठावर त्यांनी कडकडून मिठी मारली. नशीब, पुढे लोखंडाचा पुतळा होता.”

२. “परवानगीचं पत्र आलं, पण त्यातला हत्ती फारच हळू आवाजात होता.”

३. “आमच्या वाचनालयाचं रोप इवलंसं होतं, आता दारातला मांडव पुरत नाही.”

पहिलं धृतराष्ट्राचं. युद्धानंतर भीमाला भेटायला म्हणून त्याने हात पसरले, कृष्णाने लोखंडी पुतळा पुढे केला आणि आंधळ्या राजाने तो चुरडून टाकला. दुसरं द्रोणपर्वातलं, आत्ताच आलेलं. याच प्रसंगात पुढे असं आहे की एरवी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या बोलण्यानंतर खाली टेकला. अर्धसत्य बोलणाऱ्याबद्दल लिहायला हा तपशील हत्तीपेक्षा कितीतरी सकस आहे. तिसऱ्यात ज्ञानदेवांचं ‘इवलेसे रोप लावियेले द्वारी, तयाचा वेलु गेला गगनावरी’.

आता ‘न ओळखणारा वाचक’ ही कसोटी लावा. तिसरं वाक्य कुणालाही कळतं. दुसऱ्यात हत्ती कुठून आला हे न कळणारा गोंधळेल, म्हणून ‘पत्रातली खरी अट अगदी शेवटी, हत्तीसारखी हळू आवाजात घातली होती’ असं केलं तर दोन्ही वाचक सोबत राहतात. पहिलं वाक्य गोष्ट माहीत नसेल तर उभंच राहत नाही. ते महाभारत ऐकून वाढलेल्या वाचकांच्या दिवाळी अंकात तसंच ठेवावं. सर्वसाधारण सदरात “मिठी धृतराष्ट्राची होती, पण या वेळी पुढे पुतळा नव्हता” असं नाव घालून फिरवावं आणि त्या मिठीनंतर काय झालं ते पुढच्याच वाक्यात साध्या शब्दांत सांगावं.